सारखा बांध, निम्मे रान

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ओढ्याच्या कडेला जो मळा आहे, त्याची वाटणी १९४६ साली झाली. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण त्या वाटणीची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, त्या दिवशी आपणही बांधावर हजर होतो असेच मला वाटते. दोघे भाऊ. थोरले ते माझे चुलत आजोबा, त्यांना सगळे घर दादा म्हणे. धाकटे ते माझे आजोबा. भांडण असे काही नव्हते, फक्त चुली वेगळ्या व्हायच्या होत्या. गावातली चार जाणती माणसे आली, साखळी आली आणि मोजणी सुरू झाली.

मळा सलग चौकोनी नव्हता. वरच्या अंगाला एक ऐसपैस तुकडा आणि त्याच्या खाली ओढ्याला लागून एक लांबलचक पट्टी, असा तो होता. जाणत्यांनी दोन्ही तुकड्यांना चारी बाजूंनी साखळी लावली. वरचा तुकडा आठ साखळ्या लांब आणि सहा साखळ्या रुंद निघाला. खालची पट्टी बारा लांब आणि दोन रुंद. दोन्हींचा फेरा बरोबर अठ्ठावीस साखळ्या! बांध सारखा, कुंपण सारखे, तेव्हा वाटाही सारखा, असा निवाडा झाला. वरचा तुकडा दादांना, पट्टी माझ्या आजोबांना. पट्टीला ओढ्याचे पाणी जवळ, म्हणून धाकट्यालाच झुकते माप दिले, असेही कोणी तरी बोलले म्हणे. दोघा भावांनी गूळ खाल्ला आणि प्रकरण मिटले.

मिटले नाही ते फक्त आजीच्या मनात. आजीला अक्षरओळख नव्हती. पण पेरणीचे बी तिच्या हातून निघायचे, आणि पहिल्याच पेरणीला तिच्या ध्यानात आले की, थोरल्या घरी जेवढे बी लागते त्याच्या निम्म्यातच आपले रान पेरून होते. तिने ते सांगितले. आजोबांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. चार माणसांसमोर साखळीने मोजलेले रान खरे, की बायकोच्या सुपातले बी खरे? त्या काळातल्या पुरुषाने जे ठरवले असते तेच आजोबांनी ठरवले.

पुढे १९६७ साली मी नववीत होतो. आमच्या गणिताच्या गुरुजींनी अठ्ठावीस काडेपेटीच्या काड्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांचे वेगवेगळे आयत मांडायला सांगितले. सात बाय सात मांडला तर आत एकोणपन्नास घरे बसतात. आठ बाय सहा केला तर अठ्ठेचाळीस. नऊ बाय पाच केला की पंचेचाळीस, दहा बाय चार केला की चाळीस, मग तेहतीस, मग चोवीस आणि शेवटी तेरा बाय एक केला की फक्त तेरा. काड्या तेवढ्याच, पण पोट एकोणपन्नासावरून तेरावर आलेले! बारा बाय दोनच्या आयतापाशी आलो आणि माझा हात थांबला. हे आकडे मी जन्मापासून ऐकत आलो होतो. तेहतीस फुटांची एक साखळी, आणि साखळीभर लांब-रुंद जागा म्हणजे एक गुंठा. दादांचे रान अठ्ठेचाळीस गुंठे, आमचे चोवीस. आजीचे सूप बरोबर होते.

त्या वयात मला एवढेच कळले की आपण फसलो. फेरा आणि क्षेत्र यांचा एकमेकांशी नेमका काय संबंध, या प्रश्नापायी एका माणसाने आपल्या आयुष्याची काही उत्तम वर्षे घालवली होती, हे कळायला मला बँकेतली सगळी नोकरी संपवून निवृत्त व्हावे लागले. तो माणूसही शेतकऱ्याचाच मुलगा होता. नाव याकोब स्टाइनर. आजच्या लेखात त्याचीच कहाणी सांगायची आहे. आमच्या मळ्याकडे अधूनमधून वळलो, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

स्टाइनरच्या आधीची एक गंमत सांगतो. बांधावरून रान जोखण्याची चूक आमच्या गावानेच पहिल्यांदा केली असे नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लोकांच्या या अज्ञानाबद्दल लिहून ठेवले आहे. तो मेगालोपोलिस या शहराचा. त्याच्या शहराचा घेर पन्नास स्टेडिया, तर स्पार्टाचा अठ्ठेचाळीस, आणि तरीही स्पार्टा त्याच्या शहराच्या दुप्पट मोठे होते. हे सांगितले तर लोकांना पटत नाही, अशी त्याची तक्रार होती. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने तर याहून वाईट गोष्ट नोंदवली आहे. काही लोक जमिनीच्या वाटपात आपल्या सोबत्यांना जास्त फेऱ्याचा तुकडा देत, स्वतः कमी फेऱ्याचा पण जास्त क्षेत्राचा ठेवत आणि वर उदार म्हणवून घेत! आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त, नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यांना चांगलेच झाडले आहे. चार काठ्या टोकाला बांधून केलेला चौकोन तिरका दाबला की चपटा होतो. बाजू त्याच राहतात, पण आतली जागा कमी कमी होत जाते. मग नुसत्या बाजूंवरून उत्तर येणार कसे? कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा आहे.

तर स्टाइनर. १८ मार्च १७९६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न परगण्यात, उट्झेनस्टोर्फ नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील छोटे शेतकरी, जोडीला थोडा व्यापार. घरात आठ भावंडे. पोर हिशेबात तल्लख होते आणि घरच्या कामाला त्याचा उपयोग होता, म्हणून त्याला शिकवावे असे कोणाला वाटले नाही. आपल्याकडच्या किती तरी घरांत हेच झाले आहे, नाही का? मुलगा हुशार, म्हणूनच तो घरी हवा! चौदा वर्षांचा होईपर्यंत याकोबला धड लिहिता येत नव्हते.

अठराव्या वर्षी, १८१४ साली, आईवडिलांच्या मनाविरुद्ध तो घर सोडून निघाला आणि इव्हेर्दाँ या गावी पेस्टालोझींच्या शाळेत दाखल झाला. योहान हाइनरिश पेस्टालोझी हे नाव आपल्याकडे अध्यापक विद्यालयांत शिकलेल्यांना चांगले ठाऊक असते. पाठांतर नको, वस्तू हातात घ्या, बघा, मोजा आणि नियम स्वतः शोधून काढा, अशी त्यांची रीत. फी भरायला याकोबकडे पैसे नव्हते, तरी पेस्टालोझींनी त्याला ठेवून घेतले. थोड्याच काळात हा उशिरा अक्षर शिकलेला मुलगा तिथे गणित शिकवू लागला. कोणतीही गोष्ट केवळ सांगितली म्हणून मान्य करायची नाही, तिच्या मुळाशी जायचे, ही सवय आपल्याला तिथे लागली असे तो पुढे सांगत असे.

१८१८ मध्ये तो हायडेलबर्गला गेला. तिथल्या विद्यापीठात व्याख्याने ऐकायची आणि शिकवण्या करून पोट भरायचे, असा क्रम तीन वर्षे चालला. १८२१ मध्ये तो बर्लिनला आला. शिक्षकाच्या परवान्यासाठी परीक्षा दिली. गणितात काही प्रश्नच नव्हता, पण बाकीच्या विषयांत तो लंगडा पडला, म्हणून परवाना मिळाला तोही अपुरा. एका शाळेत नोकरी लागली, तर मुख्याध्यापकांशी पटेना. त्यांना पाठ्यपुस्तकाबरहुकूम शिकवणारा मास्तर हवा होता आणि याला पेस्टालोझींचे वारे लागलेले. वर्षभरातच नोकरी गेली. पुन्हा शिकवण्या! मात्र त्या शिकवण्यांत विल्हेल्म फॉन हम्बोल्टच्या मुलाची शिकवणी होती, आणि त्या घरामुळे बर्लिनच्या विद्वानांची दारे त्याला किलकिली झाली. १८२५ पासून एका तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये दोन माणसे त्याला भेटली. एक ऑगस्ट क्रेले. हा पेशाने सरकारी इंजिनिअर, पण गणिताचे वेड असलेला आणि माणसे ओळखणारा. दुसरा नॉर्वेहून आलेला तेवीस वर्षांचा तरुण, नील्स हेन्रिक आबेल. गणितातले त्याचे नाव आज मोठे आहे, पण तेव्हा त्याच्या खिशात दमडी नव्हती. हे तिघे बर्लिनच्या रस्त्यांवरून फिरायला निघत. मधे वयाने मोठा क्रेले आणि दोन बाजूंना हे दोघे. बायबलमध्ये आदमच्या दोन मुलांची नावे केन आणि आबेल. तेव्हा हे त्रिकूट दिसले की, आदम आपल्या दोन पोरांना घेऊन निघाला, असा विनोद लोक करत. आबेल तर नावानेच हजर होता. केनची भूमिका स्टाइनरकडे आली. भावाचा जीव घेणारा तो केन! स्टाइनरच्या फटकळ आणि रांगड्या स्वभावाकडे पाहून ही वाटणी कोणाला अवघड गेली नसावी. प्रत्यक्षात आबेलला नेले ते क्षयाने, १८२९ साली, सव्वीसाव्या वर्षी.

फिरता फिरता ज्या बेतांची चर्चा व्हायची, त्यांतून १८२६ साली क्रेलेचे गणिताचे नियतकालिक निघाले. ते आजही निघते. पहिल्याच खंडात आबेलचेही लेख आहेत आणि स्टाइनरचेही. त्यातला स्टाइनरचा एक लेख तर घरात भाकरी घेऊन समजावा असा आहे. सरळ रेषांनी सपाट पृष्ठाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात? एका रेषेने दोन, दोन रेषांनी चार. तीन रेषांनी मात्र सहा नव्हे, सात, कारण तिन्ही एकाच ठिकाणी छेदल्या नाहीत तर मधे एक जास्तीचा तुकडा निघतो. चार रेषांनी अकरा. दर नवी रेषा आपल्या क्रमांकाइतके तुकडे वाढवते. वाटणीच्या गणितात मला विशेष रस असल्यामुळे असेल, पण हा लेख मला फार आवडतो.

१८३२ मध्ये त्याचे मोठे पुस्तक आले. पाच भाग योजले होते, पण निघाला एकच. भूमितीतले वेगवेगळे आकार एकमेकांतून कसे उपजतात, याची ती पद्धतशीर मांडणी होती. ते त्याने विल्हेल्म फॉन हम्बोल्टला अर्पण केले. थोर गणिती याकोबी याच्या पुढाकाराने १८३३ मध्ये क्योनिग्जबर्ग विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८३४ मध्ये तो बर्लिनच्या अकादमीचा सदस्य झाला आणि बर्लिन विद्यापीठात त्याच्यासाठी भूमितीचे अध्यासन निर्माण झाले. पद मात्र जादा प्राध्यापकाचे. पुढची एकोणतीस वर्षे तो त्याच पदावर राहिला, पूर्ण प्राध्यापक कधीच झाला नाही.

स्टाइनरला आकडेमोडीचा आणि अक्षरांच्या बीजगणिताचा मनापासून तिटकारा होता. आकडेमोड माणसाच्या डोक्याचे काम काढून घेते, भूमिती ते काम डोक्यावर टाकते, असे त्याचे मत. तो आकृत्यासुद्धा टाळायचा. शिकवताना खोलीत अंधार करायचा म्हणतात, म्हणजे विद्यार्थ्यांनी आकृती मनातच उभी करावी. आमच्या गुरुजींच्या हाती काड्या होत्या. स्टाइनरच्या वर्गात काड्याही नसाव्यात!

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. फेरा ठरलेला आहे. त्यात जास्तीत जास्त जागा कोणता आकार घेरेल?

आयतांपुरते उत्तर सोपे आहे, आणि काड्यांच्या खेळात ते लपलेलेच होते. एकोणपन्नासातून दर वेळी किती कमी झाले ते बघा: एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस. सगळ्या वर्गसंख्या! असे का व्हावे? सात बाय सातचा चौकोनी कागद घ्या. एका बाजूची दोन रुंदीची पट्टी कापून ती शेजारच्या बाजूला चिकटवू लागा. पट्टी सात लांब आहे, पण चौकोनाची ती बाजू आता पाचच उरली आहे. दोन बाय दोनचा तुकडा बाहेर लोंबतो, तो टाकून द्यावा लागतो. फेरा तेवढाच राहिला आणि चार घरे गेली. जेवढे आपण चौरसापासून दूर जाऊ, त्याचा वर्ग आपण गमावतो. आमची पट्टी चौरसापासून पाच साखळ्या दूर होती, म्हणून पंचवीस गुंठे गेले. दादांचे रान एकच साखळी दूर, त्यांचा एकच गुंठा गेला. उलट बाजूनेही पाहता येईल. आमचे चोवीस गुंठे सहा बाय चार असते, तर वीस साखळ्यांचे कुंपण पुरले असते. म्हणजे आजोबांनी निम्म्या रानासाठी आठ साखळ्या निवडुंग जास्तीचा लावला आणि वर्षानुवर्षे राखला!

पण आयत सोडून बाकीचे आकार? अठ्ठावीस साखळ्यांचा समभुज त्रिकोण केला तर जेमतेम पावणेअडतीस गुंठे घेरतो. चौरस एकोणपन्नास, समषट्कोन साडेछप्पन्न, आणि वर्तुळ बासष्टांहून थोडे अधिक. वर्तुळच सर्वांत मोठे, हे ग्रीकांना ठाऊक होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झेनोडोरस याने यावर ग्रंथ लिहिला होता. पण बहुभुजांशी तुलना करणे वेगळे आणि जगातल्या यच्चयावत वाकड्यातिकड्या आकारांशी तुलना करून वर्तुळाला पहिला नंबर देणे वेगळे. ते काम स्टाइनरने १८३८ च्या सुमारास हाती घेतले, आणि तेही एक समीकरण न मांडता.

त्याची युक्ती तुम्हाला दोरी आणि कागदाने घरी करून बघता येईल. समजा कोणी एक आकार आणला आणि म्हणाला की, एवढ्या फेऱ्यात याहून मोठा आकार नाही. त्या आकाराला कुठे आत गेलेली खोच असेल, तर तेवढा भाग आरशातल्यासारखा बाहेर पलटवा. फेरा तोच राहिला, जागा वाढली. म्हणजे सर्वांत मोठ्या आकाराला खोच असू शकत नाही. आता एका सरळ रेषेने त्याचे असे दोन भाग करा की, दोन्हीकडे दोरी सारखी येईल. एक भाग दुसऱ्याहून मोठा निघाला, तर लहान टाकून द्या आणि मोठ्याचीच प्रतिमा दुसऱ्या बाजूला ठेवा. पुन्हा फेरा तोच, जागा जास्त. तेव्हा दोन्ही भाग सारखेच असले पाहिजेत.

आता उरला अर्धा आकार: खाली सरळ पाया, वर कमान. कमानीवर कुठलाही एक बिंदू घ्या आणि तिथून पायाच्या दोन टोकांना रेषा जोडा. मधे एक त्रिकोण झाला आणि त्याच्या दोन खांद्यांवर दोन चंद्रकोरी बसल्या. या कोरी पुठ्ठ्याच्या आहेत आणि त्या बिंदूपाशी बिजागरी आहे असे समजा. बिजागरी उघडझाप केली तर कमानीची लांबी बदलत नाही, कोरींची जागाही बदलत नाही, बदलतो फक्त मधला त्रिकोण. दोन बाजू ठरलेल्या असतील, तर त्रिकोण सर्वांत मोठा केव्हा? त्या एकमेकींशी काटकोनात असतील तेव्हा. एक बाजू जमिनीवर आडवी ठेवा, दुसरी तिच्यावर उभी करा. ती सरळ ताठ असतानाच तिची उंची सर्वांत जास्त. म्हणून त्या बिंदूपाशी काटकोन नसेल, तर तो काटकोन करून जागा वाढवता येते. आणि हे कमानीवरच्या प्रत्येक बिंदूला लागू! ज्या कमानीच्या प्रत्येक बिंदूवरून पाया काटकोनात दिसतो, ती कमान कोणती? शाळेत शिकलो होतो आपण, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दोन अर्धवर्तुळे जोडली की वर्तुळ झाले.

ही मांडणी पहिल्यांदा समजली त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर, आणि त्यात नववीच्या पुस्तकाबाहेरचे काहीच नाही! स्टाइनरने एकच पुरावा देऊन थांबावे ना? त्याने असे अनेक पुरावे दिले, आणि सपाटीवरून गोलाच्या पृष्ठभागावर, तिथून घन आकारांवर हा प्रश्न नेला.

पण या सुंदर पुराव्यात एक छिद्र होते. स्टाइनरने दाखवले ते इतकेच की, वर्तुळ नसलेला कोणताही आकार सुधारता येतो. म्हणून सर्वांत मोठा आकार जर असेलच, तर तो वर्तुळच. पण तसा सर्वांत मोठा आकार असतो, हे कोणी सांगितले? वाचकांना वाटेल की हा गणितज्ञांचा किस काढण्याचा प्रकार आहे. मलाही तसेच वाटले होते. मग पेरॉन नावाच्या जर्मन गणितज्ञाने दिलेले उदाहरण वाचले आणि डोळे उघडले. पूर्ण संख्यांमध्ये सर्वांत मोठी कोणती? एकाहून मोठी कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग तिच्याहून मोठा असतो. म्हणजे एक सोडून कोणतीही संख्या सुधारता येते. म्हणून एक हीच सर्वांत मोठी संख्या! तर्क हुबेहूब स्टाइनरचाच, आणि उत्तर हास्यास्पद. कारण सर्वांत मोठी संख्या मुळात नसतेच.

ते छिद्र बुजवले कार्ल वायरश्ट्रासने, १८७० नंतरच्या दशकातल्या बर्लिनच्या व्याख्यानांत, आणि बुजवले ते नेमके स्टाइनरला न आवडणाऱ्या गणिताने. स्टाइनर तोवर गेला होता. पण याच वायरश्ट्रासने पुढे १८८१-८२ मध्ये स्टाइनरचे समग्र लेखन दोन खंडांत संपादित करून छापले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याची चूक आपण दाखवली, त्याचे लेखन आपणच जपून पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे, हे सगळ्यांना जमत नाही. विद्वानांना तर कमीच.

स्टाइनरच्या बाकीच्या आयुष्यात सुखाचे प्रसंग थोडे. त्यातला एक म्हणजे १८४३-४४ चा इटलीचा प्रवास. बरोबर याकोबी, डिरिक्ले आणि बर्नचा तरुण गणिती श्लेफली. श्लेफलीला भाषा चांगल्या येत, म्हणून तो दुभाषा. रोमच्या मुक्कामात स्टाइनरला एक विलक्षण वक्र पृष्ठ सुचले. त्याला आजही रोमन पृष्ठ असेच म्हणतात. त्याने लग्न केले नाही. बोलणे अधिकाधिक कडवट होत गेले, जुने स्नेही दुरावले. मूत्रपिंडाच्या दुखण्याने शेवटची वर्षे खाल्ली. हिवाळ्यात बर्लिनला येऊन शिकवायचे आणि एरवी स्वित्झर्लंडला परतायचे, असे काही काळ चालले, पुढे तेही होईना. १ एप्रिल १८६३ रोजी बर्नमध्ये तो वारला. पुराव्याविना नुसते मांडून ठेवलेले किती तरी सिद्धांत त्याच्या लेखांत होते. ते सिद्ध करता करता पुढच्या पिढीतल्या क्रेमोना आणि श्टुर्म यांनी नाव मिळवले आणि स्टाइनरच्याच नावाचा पुरस्कार १८६६ मध्ये वाटून घेतला.

आमच्या मळ्याचे पुढे काय झाले, ते राहिलेच. काड्यांचा हिशेब मी आजोबांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि दादांपाशी याचा शब्द काढू नकोस, अशी ताकीद दिली. मी दादांपाशी नाही काढला, पण त्यांच्या नातवापाशी काढला. तो माझ्याच वर्गात होता. त्याने त्याच संध्याकाळी घरी जाऊन काड्या मांडल्या. दादा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. दोन दिवसांनी त्यांनी साखळी मागवली, नातवाला बरोबर घेतले आणि उन्हातान्हात दोन्ही रानांना फेरा घातला. मग ओढ्याकाठी बसून त्याच्याकडून आतले गुंठे मोजून घेतले, एकदा नव्हे, तीनदा. प्रोक्लसने सांगितलेल्या त्या धूर्त उदारांची गोष्ट वाचताना मला दर वेळी ती दुपार आठवते. दादांना ठाऊक नव्हते. माझी त्याबद्दल खात्री आहे.

कागद बदलले नाहीत. बोलणेही झाले नाही. पण त्या वर्षीच्या सुगीनंतर थोरल्या घरची बैलगाडी आमच्या दाराशी उभी राहिली आणि तीतून ज्वारीची दोन पोती उतरली. पुढेही दर वर्षी ती येत राहिली. दादा गेल्यावरही आली. पहिल्या वर्षी आजीने पोत्याचे तोंड सोडून मूठभर ज्वारी सुपात घेतली, पाखडली आणि आजोबांकडे एकदा पाहिले, एवढेच.

आणि स्टाइनर? आयुष्यभर काटकसरीत राहिलेल्या त्या माणसाने बऱ्यापैकी पैसा मागे ठेवला होता. त्यातला काही बर्लिनच्या अकादमीला, पुरस्कारासाठी. काही नातेवाइकांना. आणि साडेसातशे फ्रँक उट्झेनस्टोर्फच्या शाळेला. त्यांच्या व्याजातून, तोंडी हिशेबात जी मुले सर्वांत तरबेज असतील त्यांना बक्षिसे द्यायची होती.